नाव उघडं, आकडा झाकलेला

आक्काच्या मुलाला पोलिसांनी नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात त्याचं नाव आलं. नुसतं नाव नाही. वडिलांचं नाव, आडनाव, वय आणि राहायची गल्लीसुद्धा. तो एका पतसंस्थेत क्लार्क होता. वर बसलेल्यांनी वाटलेली कर्जं बुडाली, ठेवीदार दारात आले, आणि गुन्हा नोंदला गेला तेव्हा कागदावर सही असलेल्या सगळ्यांची नावं त्यात आली. खरं काय ते कोर्टात ठरायचं आहे. खटला चालू आहे, त्याबद्दल मी इथं एक अक्षर लिहिणार नाही. मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या आठ महिन्यांत मी जे बघितलं त्याबद्दल.

आक्का म्हणजे माझी थोरली मावसबहीण. निपाणीसारखं गाव, तंबाखूच्या वखारी, चार गल्ल्यांत सगळा जैन समाज. तिसऱ्या दिवसापासून आक्का बस्तीत दुपारी बाराला जायला लागली. त्या वेळी तिथं कोणी नसतं. एरवी सकाळच्या अभिषेकाला पहिली येणारी बाई ती. पेपरात आलेलं नाव सगळ्यांनी वाचलं होतं, आणि वाचलेलं कोणी बोलून दाखवत नव्हतं. न बोलणं तिला जास्त लागायचं.

आमच्या लोकांत एक समजूत आहे, आमच्यातलं कोणी तुरुंगात नसतं. मीही ती लहानपणापासून ऐकत आले. देशभरच्या तुरुंगांचा जो सरकारी अहवाल निघतो तो मी पुढे बघितला, तेव्हा कळलं की त्यात कैद्यांच्या धर्माचे रकाने आहेत ते हिंदू, मुस्लीम, शीख, ख्रिश्चन आणि इतर. आम्ही 'इतर'मध्ये. म्हणजे आमची समजूत खरी की खोटी हे सांगणारा आकडाच तिथं नाही. आकडा नसला की समजूत सुखात राहते. हे फक्त आमच्याच बाबतीत नाही, हे मला हळूहळू समजत गेलं.

पहिल्या मुलाखतीला मी आक्काबरोबर गेले. जेलचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांनी आम्हाला वाईट वागवलं नाही, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्या एका जेलचं नाही. नंबर लागेपर्यंत आम्ही दाराशी उभ्या होतो. मोठ्या दरवाजातलं छोटं दार उघडायचं, एकेकाला आत घ्यायचं, परत बंद व्हायचं. त्या उघडझापीत मला आतल्या भिंतीवर एक काळा फळा दिसला. त्यावर खडूने रकाने आखलेले. मंजूर क्षमता किती, शिक्षा झालेले किती, कच्चे कैदी किती, बायका किती, आज एकूण किती. मथळे कन्नडमध्ये होते. मी हायस्कुलात एकतीस वर्षं गणित शिकवलं, फळा दिसला की डोळे तिकडं जातात. मी बेरीज करून बघायला लागले तेवढ्यात पहाऱ्यावरचा पोरगा म्हणाला, ''तिकडं काय बघताय बाई, इकडं उभं राहा.'' आणि दार लागलं.

त्या फळ्याने माझ्या डोक्यात घर केलं. जेलमध्ये माणसं रोज मोजतात. सकाळी बराक उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना तर मोजायचीच, दुपारीही मोजतात. एक माणूस कमी भरला तर सगळं थांबतं. माझे वडील अडत दुकान चालवायचे. रात्री रोजमेळ जुळल्याशिवाय ते जेवायला उठत नसत. आठ आण्यांचा फरक असला तरी आई ताट झाकून ठेवायची. जेलचा रोजमेळही असाच रोज जुळतो, आणि तो जुळलाच पाहिजे असा कायदा इंग्रजांच्या वेळेपासून आहे. 1894 च्या कारागृह कायद्यात अधीक्षकाने कोणत्या वह्या ठेवायच्या ते लिहून दिलंय. आलेल्या कैद्यांची नोंदवही, कोण कधी सुटणार याची वही, शिक्षांची वही, भेट देणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही, आणि कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशांची आणि वस्तूंची नोंद. पुढे राज्यांनी आपापले कायदे केले, पण वही चुकली नाही. तेव्हा जेलकडे हिशेब नाही असं कोणी म्हणू नये. हिशेब आहे. तो भिंतीच्या आत आहे.

बाहेर आपल्याला मिळतो तो वर्षाचा गोषवारा. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो 1995 पासून तुरुंगांच्या आकडेवारीचं पुस्तक काढतो. तुरुंग हा राज्यांचा विषय, त्यामुळे राज्यं आकडे पाठवणार आणि दिल्लीत त्यांची जुळणी होणार. पुस्तकातली स्थिती असते 31 डिसेंबरची, आणि पुस्तक हातात येतं त्यानंतर जवळपास वर्षाने, कधी त्याहून उशिरा. 2016 सालचं पुस्तक 2019 मध्ये आलं, आणि आलं तेव्हा त्यात कैद्यांच्या जातीधर्माचे तक्तेच नव्हते. पुढच्या वर्षांच्या पुस्तकांत ते परत आले. रोज तीनदा मोजणाऱ्या खात्याचा आकडा लोकांपर्यंत यायला एवढा वेळ का लागावा, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

तरी पुस्तक मोलाचं आहे, हे मी कबूल करते. 2022 चं मी मुळापासून वाचलं. देशातल्या तुरुंगांची क्षमता 4,36,266 आणि त्या दिवशी आत असलेली माणसं 5,73,220. शंभराच्या जागेत एकशे एकतीस. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. चारातले तीन. आक्काला मी हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ''म्हणजे आपला एकटा नाही की गं.'' कोणी तिला इतक्या दिवसांत समजूत घालायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. पण तिचा जीव थोडा खाली पडला तो त्या आकड्याने. आकडे कोरडे असतात असं म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

पण गणिताच्या बाईला सरासरीचा भरवसा नसतो. एका तुकडीत वीस मुलं आणि दुसऱ्या तुकडीत शंभर बसवली तर सरासरी साठच येते, आणि शंभराच्या वर्गात उभ्या असलेल्या पोराला त्या साठाचा काही उपयोग नसतो. पुस्तकात आकडे येतात ते राज्याचे, नाहीतर मध्यवर्ती, जिल्हा, उपकारागृह असे प्रकाराप्रमाणे. आक्काचा मुलगा झोपत होता ती बराक त्यात नाही. तो म्हणायचा, रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागते. ही गोष्ट एकशे एकतीसमध्ये कुठं बसवायची?

आणखी एक तक्ता माझ्या मनातून जात नाही. 2022 मध्ये देशातल्या तुरुंगांत 1,995 माणसं मेली. 1,773 मृत्यू नैसर्गिक, 159 अनैसर्गिक. त्यात 119 आत्महत्या. राहिले 63. त्यांच्यापुढं लिहिलंय, कारण अद्याप कळलेलं नाही. चार भिंतींत, रोज मोजल्या जाणाऱ्या जागेत मेलेला माणूस, आणि पुस्तक छापेपर्यंत कारण कळलेलं नाही. पण मला त्या रकान्याचा राग येत नाही. तो लिहिला म्हणून तरी आपण विचारू शकतो, पुढं कळलं का? जो रकानाच नाही त्याबद्दल विचारायचं तरी कसं?

हे काम आपल्याकडे बायकांनीही केलंय. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे तुरुंगातल्या बायकांना भेटल्या, त्यांचं ऐकून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि 1983 च्या निकालात पोलीस कोठडीत बायकांना वेगळं ठेवावं, पहाऱ्याला बायका असाव्यात असे आदेश मिळाले. त्यानंतर त्यांनी तुरुंगात ठेवलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न नेला. त्यात त्यांची एक मागणी अगदी साधी होती. अशी मुलं किती आहेत, ती संपूर्ण माहिती द्या. 1986 मध्ये न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना सांगितलं, दंडाधिकारी पाठवा, जेलमध्ये जाऊन मोजा. आधी मोजा, मग बाकीचं बोलू. आज त्या पुस्तकात आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलांचा तक्ता असतो. 2022 च्या शेवटी अशा आया होत्या 1,537 आणि मुलं 1,764. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, असा 2006 चा निकाल आहे. त्या मुलांनी काहीच केलेलं नाही, पण निदान ती मोजली तरी जातात.

आता मोजण्याने माणूस सुटतो कसा, तेही सांगते. हे मला आक्काच्या मुलाने सांगितलं.

त्याच्या बराकीत एक शेतमजूर होता, साठीच्या आतबाहेरचा. चोरीचा गुन्हा. भेटायला कोणी नाही, जामीन राहायला कोणी नाही. कोर्टाची तारीख कधी ते त्याला माहीत नसायचं, गाडीत बसवलं की जायचं आणि परत यायचं. आमचा पोरगा पडला क्लार्क. त्याने कालनिर्णयाच्या जुन्या पानांच्या पाठीमागे बराकीतल्या लोकांच्या तारखा मांडायला सुरुवात केली. आत कधी आला, कलम कुठलं, शिक्षा जास्तीत जास्त किती, दिवस किती झाले. सुरुवातीला वेळ जात नाही म्हणून. मग लोक रांगेने यायला लागले.

1 जुलै 2024 पासून जो नवा कायदा लागू झाला त्यात कलम 479 आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला माणूस जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून आत राहिला, तर कोर्टाने त्याला बंधपत्रावर सोडायचं. बाकीच्यांना निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले असले तरी नाही. मुदत भरताच जेलच्या अधीक्षकाने स्वतः कोर्टाला लेखी अर्ज करायचा, हेही कायद्यातच लिहिलंय. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या प्रकरणांनाही हे लागू केलं. साध्या चोरीला शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. तिचा तिसरा हिस्सा एक वर्ष. कालनिर्णयाच्या पानावर त्या म्हाताऱ्याचे चौदा महिने भरले होते.

विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाई आल्या तेव्हा पोराने ते पान त्यांच्या हातात दिलं. काही आठवड्यांनी म्हातारा गेला. जाताना त्याने विचारलं म्हणे, ''बाळ, मी कधी सुटायला पायजे होतो?'' पोराने खरं उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर मला मात्र सांगितलं, ''मावशी, दोन महिने जास्त.''

त्या पोराला स्वतःला याचा उपयोग नव्हता. त्याच्यावर ठेवीदारांच्या एकाहून जास्त तक्रारींचे खटले. त्याला जामीन मिळाला तो नेहमीच्या मार्गाने, आठ महिन्यांनी.

तो सुटल्यावर मी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. कर्नाटकात अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, त्यामुळे दोन अर्ज केले. पहिल्यात विचारलं, जेलची क्षमता किती, आज माणसं किती, डॉक्टरांची पदं किती आणि भरलेली किती. दुसऱ्यात विचारलं, गेल्या वर्षभरात कलम 479 खाली किती जणांची मुदत भरली आणि किती अर्ज कोर्टात पाठवले. कोणाचंही नाव मागितलं नाही.

कायद्याने तीस दिवसांची मुदत. पहिलं उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. कन्नडमध्ये होतं. मला वाचता येतं, पण बोट ठेवून. आमच्या या भागातल्या कितीतरी आयांना तेवढंही येत नाही, आणि दिल्लीचं पुस्तक तर इंग्रजीत. असो. क्षमता आणि संख्या दिली होती, मागच्या महिनाअखेरची. फळ्यावर खडूने लिहिलेला, दारातून दहा पावलांवर असलेला आकडा माझ्यापर्यंत यायला एक महिना आणि पोस्टाचा शिक्का लागला. दुसऱ्या अर्जाच्या उत्तरात एकच ओळ होती. सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.

मी त्या ओळीवर रागावले नाही, कारण ती खोटी नाही. प्रत्येकाच्या कागदावर तारीख आहे. बेरीज कोणी केलेली नाही, कारण बेरीज कोणी मागत नाही. महिन्याच्या महिन्याला ही बेरीज बाहेर लावायची सक्ती असती, तर ती करणाऱ्या कारकुनाच्या नजरेतून तो म्हातारा सुटला नसता. आकडा जाहीर करायचा तो लोकांनी बघावा म्हणून, हे तर झालंच. पण जाहीर करायचा आहे म्हटल्यावर आधी आतल्यालाच तो बघावा लागतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मी पहिलं अपील केलंय. अजून तारीख आलेली नाही.

माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम 4 आहे, न विचारता माहिती जाहीर करण्याचं. ज्या इंग्रजांनी आपल्याला 1894 चा कायदा दिला, त्यांच्या देशात आज इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांतली संख्या दर आठवड्याला जाहीर होते. तिथलेही तुरुंग भरून वाहतात, पण किती ते लोकांना कळतं. आपल्याकडेही संगणकावर नोंदी होतातच. महाराष्ट्र असो की कर्नाटक, खात्याच्या नावात आता 'सुधार' हा शब्द आलाय. सुधारणा झाली की नाही हे बघायला आधीचा आणि आताचा आकडा लागतो, एवढं सातवीतलं पोरही सांगेल.

मी हे बोलायला लागले की लोक एक शंका काढतात, आणि आक्कानेही काढली. ''सगळं उघडं करा म्हणतीस, मग आमच्या घरासारख्यांनी तोंड कुठं लपवायचं?'' शंका योग्य आहे. कोण आत आहे, कशासाठी आहे, त्याला काय आजार आहे, भेटायला कोण येतं, हे गावाने जाणण्याचं कारण नाही. जातीचं तर नाहीच. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातला जातिभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. कारण आत त्या रकान्यावरून झाडू कोणी मारायचा आणि स्वयंपाक कोणी करायचा हे ठरत होतं. म्हणजे प्रत्येक नोंद माणसाच्या भल्याचीच असते असं नाही.

पण आपण उघडं काय केलंय आणि झाकलंय काय, ते बघा. गुन्हा सिद्ध व्हायच्या आधी माझ्या भाच्याचं नाव, वय, गल्ली सगळ्या जिल्ह्याने चहाबरोबर वाचलं. त्याला ठेवलेल्या जागेत किती माणसं, डॉक्टर आहे की नाही, मुदत भरलेले किती, हे मात्र त्याच्या आईलाही कळायची सोय नाही. माणसाची लाज चव्हाट्यावर, आणि सरकारच्या कामाचा हिशेब भिंतीआड. हे नेमकं उलट पाहिजे.

आमच्याकडे आलोचना म्हणून एक गोष्ट आहे. आपल्या हातून झालेले दोष आपण होऊन गुरूसमोर सांगायचे, मोजून, न लपवता. दुसऱ्याचे नाही, स्वतःचे. भाद्रपदात दशलक्षणाच्या दिवसांत आम्ही बायका आलोचनेचा पाठ म्हणतो. यंदा म्हणताना मला वाटलं, दुसऱ्याच्या दोषाचा पुकारा करायला काही लागत नाही. तो पेपरवाल्याने एका रात्रीत केला. स्वतःच्या कामातलं उणं आपण होऊन बोलायचं, हे माणसालाही जड जातं, आणि खात्याला तर जाणारच. पण सुधारणा हा शब्द पाटीवर लिहिला की एवढं करावं लागतं.

आक्का आता परत सकाळच्या अभिषेकाला येते. सुरुवातीला मागे उभी राहायची, आता तिच्या जुन्या जागी बसते. हा लेख लिहायचा की नाही हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, ''लिही. पोराचं नाव तेवढं घालू नकोस.'' मी घातलेलं नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. तो फळा तसाच राहू दे. तेच रकाने, तोच खडू. त्यात एक रकाना वाढवा, मुदत भरलेले किती आणि अर्ज केलेले किती. मथळे कन्नडबरोबर मराठीत असले तर आमच्या बायकांना वाचता येतील. आणि फळा दरवाजाच्या बाहेरच्या बाजूला लावा, मुलाखतीच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला दिसेल असा.